रितं पाणी

काळ्या पाण्यातले बुटके मासे पाळायचं मनावर घेतलेला माणूस दुकानात गेला की आधी विचारतो, पाण्यात काय काय घालावं लागतं? कुठली पानं, कुठला अर्क, कुठली बाटली. प्रश्न साहजिक आहे. काचेची टाकी रिकामी येते आणि ती भरायची असते. पण या माशांपुरता तो प्रश्न उलटा करून विचारायला हवा असं मला वाटतं: पाण्यातून काय काय काढावं लागतं? त्यांचं पाणी त्यांना मानवतं ते त्यात जे नाही त्यामुळे. हे एक मनात नीट रुजलं, की पाणी, खाणं, उजेड, सोबत, वीण या सगळ्याची उत्तरं त्यातूनच मिळत जातात.

इथे मी मुख्यतः लिकोरिस गुरामीबद्दल बोलणार आहे. शास्त्रीय नाव पॅरोस्फ्रोमेनस. वीसेक जातींचा हा गट. त्यातला मोठा मासासुद्धा चार सेंटिमीटरच्या आसपास. ब्लीकर या डच लष्करी डॉक्टरने १८५९ मध्ये सुमात्राजवळच्या बांका बेटावरून त्यातल्या डाइस्नेरी या जातीचं वर्णन केलं. हा मासा एरवी तपकिरी, अंगावर आडवे काळपट पट्टे, पानांच्या ढिगात नजरेला सापडतही नाही. नर मादीपुढे पर पसरतो तेव्हा मात्र परांच्या निळ्या-हिरव्या कडा, काही जातींत लाल, अशा काही उमटतात की पाहणारा टाकीसमोरून हलत नाही. मादी त्या वेळी उलट फिकी पडते. हा सगळा प्रकार मंद उजेडात, तळाशी, करवंटीच्या तोंडापाशी चालतो. दिवाणखान्यात आलेल्या पाहुण्याला त्यातलं काही दिसणार नाही.

हे मासे येतात मलेशियाचं द्वीपकल्प, सुमात्रा, बोर्निओ आणि आसपासच्या बेटांवरून, मुख्यतः पीटच्या दलदलीतल्या जंगलांतून. पीट म्हणजे पाण्याखाली अर्धवट कुजून साचत गेलेली पानं, मुळं, लाकूड. हजारो वर्षं हा साठा वाढत राहिला आणि काही ठिकाणी दहा मीटरहून जाड झाला. हा थर मध्यभागी फुगीर असतो, त्यामुळे शेजारच्या नद्यांचं गाळाचं पाणी त्यावर चढत नाही. तिथे पाणी येतं ते फक्त आभाळातून. पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, आणि खालची माती-खडक पीटच्या थराआड दूर राहिल्याने जमिनीतूनही ते मिळत नाहीत. कॅल्शियम, मॅग्नेशियम, कार्बोनेट, सगळ्याचाच दुष्काळ. कुजणाऱ्या पानांतून ह्युमिक आणि फल्विक आम्लं उतरतात, टॅनिन उतरतं, आणि त्यांना शमवील असं काहीच पाण्यात नसल्यामुळे सामू, म्हणजे पीएच, चारपर्यंत आणि काही जागी त्याच्याही खाली जातो. सामूच्या मोजमापात एका आकड्याचा फरक म्हणजे दहापट फरक. सामू ४ असलेलं पाणी सामू ७ च्या पाण्यापेक्षा हजारपट आम्ल असतं. रंग कोऱ्या चहाचा; यालाच काळं पाणी म्हणतात.

पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, ब्राझीलमधल्या रिओ निग्रोची गोष्ट हीच. आल्फ्रेड रसेल वॉलेसने १८५३ च्या आपल्या प्रवासवर्णनात अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या नद्यांचे पांढऱ्या, निळ्या आणि काळ्या पाण्याच्या असे तीन वर्ग केले. निग्रो ही काळ्या पाण्याची सगळ्यात मोठी नदी. ती अँडीजचा कोवळा गाळ आणत नाही. युगानुयुगं धुऊन निघालेल्या वालुकामय प्रदेशातून येते, म्हणून तिच्याजवळ द्यायला क्षार उरलेले नाहीत. मनाउस शहराजवळ ती गढूळ सोलिमोइश नदीला भेटते आणि दोन्ही नद्यांचं पाणी कित्येक किलोमीटर न मिसळता शेजारी शेजारी वाहतं. दुकानादुकानांत दिसणारा निळ्या-लाल पट्ट्यांचा कार्डिनल टेट्रा मूळचा या निग्रोच्या खोऱ्यातला.

अशा पाण्यात फार काही जगत नसणार, असं अभ्यासकांनाही बराच काळ वाटत होतं. क्षार नाहीत म्हणून शेवाळ कमी, शेवाळ कमी म्हणून पुढची सगळी साखळी कमी. तर्क बरोबर होता, निष्कर्ष अर्धवट होता. मलेशियातल्या उत्तर सेलांगोरच्या पीट-जंगलातल्या माशांवर सिंगापूरच्या संशोधकांनी १९९४ मध्ये सविस्तर लिहिलं तेव्हा दिसलं की तिथे कितीतरी जाती आहेत, आणि त्यांतल्या काही या पाण्याबाहेर कुठेच आढळत नाहीत. म्हणजे हे मासे गरिबीतही कसेबसे तग धरून आहेत असं म्हणून भागत नाही. ही गरिबीच त्यांचा आसरा आहे. दुसऱ्या बहुतेक माशांना ती सोसत नाही, म्हणून स्पर्धा कमी. आम्ल पाण्यात जिवाणूंची वाढही मंद, म्हणून अंडी, पिल्लं आणि अंगावरच्या जखमा यांच्यावरचा हल्ला कमी.

हा अभाव त्यांच्या शरीरातही उतरलेला आहे. २००६ मध्ये सुमात्राच्या पीट-दलदलीतून पीडोसिप्रिस प्रोजेनेटिका या माशाचं वर्णन प्रसिद्ध झालं. त्याची पूर्ण वाढलेली, अंडी धरणारी मादी अवघ्या ७.९ मिलिमीटरची भरली; त्या वेळी ज्ञात असलेला तो सगळ्यात छोटा पृष्ठवंशीय प्राणी ठरला. त्याच्या सांगाड्याची वाढ पिल्लाच्या टप्प्यावरच थांबलेली आहे. कवटीचं छप्परही पुरतं बनत नाही, मेंदूवर वरून हाडाचं आवरण नाही. पाणी आटतं तेव्हा असे मासे पीटमधल्या ओंजळभर डबक्यांत तगून राहू शकतात. बोर्निओचा चिली रास्बोरा हा त्यामानाने मोठा म्हणायचा, तरी दोन सेंटिमीटरच्या आतच. जिथे देण्यासारखं थोडं आहे तिथे मागणंही थोडं, असं या सगळ्या कुळांचं जगणं आहे.

आता यांना नाजूक का म्हणतात ते पाहू. ज्या आम्ल पाण्यात गोल्डफिश तडफडून मरेल, तिथे लिकोरिस गुरामी घर करतो, पिल्लं वाढवतो. गोड्या पाण्यातल्या कोणत्याही माशाच्या रक्तात क्षार बाहेरच्या पाण्यापेक्षा जास्त असतात, आणि ते कल्ल्यांतून सतत पाझरत बाहेर जायला बघतात. आम्ल पाण्यात ही गळती फार वाढते. साधा मासा त्यानेच मरतो. एरवी पाण्यातलं कॅल्शियम कल्ल्यांच्या पेशींमधले सांधे घट्ट धरून ठेवतं. काळ्या पाण्यात ते नसतं. तिथल्या माशांचे कल्ले मुळातच घट्ट बांधणीचे असतात; शिवाय पाण्यातले ह्युमिक पदार्थ कल्ल्यांना आधार देतात, असं रिओ निग्रोच्या माशांवरच्या प्रयोगांतून दिसून आलं आहे. तेव्हा हा जीव चिवट आहे. मात्र त्याचा सगळा चिवटपणा एकाच दिशेला तोंड करून उभा आहे. क्षारांच्या, जिवाणूंच्या, भरपूर खाण्याच्या जगाशी लढायची तयारी त्याने कधी केलीच नाही, कारण ते जग त्याच्या दारात आलं नव्हतं. आपण ते त्याच्या टाकीत आणतो.

टाकीकडे वळल्यावर पहिली फसगत होते ती रंगाची. बदामाची पानं घातली, पाणी तपकिरी झालं, म्हणजे काळं पाणी तयार झालं असं समजलं जातं. हे बदामाचं झाड मुंबईच्या रस्त्यांवर आणि सोसायट्यांच्या आवारांत मुबलक आहे. गळण्याआधी त्याची पानं लाल होतात ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. जगभरचे मत्स्यपालक हीच पानं पैसे मोजून मागवतात. पानं चांगलीच आहेत, त्यांच्याबद्दल पुढे सांगतो. पण बोअरच्या पाण्यात कितीही पानं घातली तरी त्यातलं कॅल्शियम आहे तिथेच राहतं. दख्खनच्या काळ्या खडकातून आलेलं पाणी, ज्याने बादलीच्या कडेला आणि नळाच्या तोंडाला पांढरा थर धरतो, ते तपकिरी करता येतं. काळ्या पाण्यासारखं होत नाही.

मग माणूस बाटलीकडे वळतो. सामू उतरवणारं द्रावण घालतो. संध्याकाळी आकडा खाली आलेला असतो, दोन दिवसांनी पुन्हा वर. पाण्यातल्या कार्बोनेटने ते आम्ल गिळून टाकलेलं असतं. पुन्हा बाटली, पुन्हा चढउतार. या खटाटोपात पाण्यातले विरघळलेले पदार्थ कमी होण्याऐवजी वाढतच जातात, आणि माशाला एका आठवड्यात दोन-तीन निरनिराळ्या पाण्यांतून जावं लागतं. कुठलाही स्थिर सामू, अगदी सहा-साडेसहाचासुद्धा, या हेलकाव्यांपेक्षा बरा. म्हणून माझा आग्रह असा की सामूचा विचार सगळ्यात शेवटी करावा. आधी क्षार काढावेत. ते गेले की दोन-चार पानांनीही सामू आपोआप उतरतो, कारण त्याला अडवणारं काही उरलेलं नसतं.

क्षार काढायचे म्हणजे घरगुती पातळीवर दोनच वाटा. एक आरओचं पाणी. पण घरातली पिण्याच्या पाण्याची अनेक यंत्रं चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतात किंवा खनिजं घालतात, तेव्हा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण दाखवणारं यंत्र, बुडवून पाहिल्याशिवाय त्या पाण्यावर विश्वास ठेवू नये. मीटर स्वस्त असतो आणि या छंदात तोच पहिला घ्यावा. आकडा वीस-तीसच्या आत असेल तर उत्तम. दुसरी वाट पावसाची. कोकणात राहणाऱ्याला तर हे पाणी दारात येतं. मृगाच्या पहिल्या सरींनी कौलं आणि पन्हळी धुऊन जाऊ द्याव्यात, आणि मग पागोळीचं पाणी स्वच्छ पिंपात, झाकण लावून, अंधाऱ्या जागी धरून ठेवावं. बोर्निओच्या दलदलीतलं पाणीही आरंभी हेच असतं. शहरात कबुतरांनी भरलेल्या गच्चीवरचं किंवा गंजक्या पत्र्यावरचं पाणी मात्र नको.

अशा रित्या पाण्याचा एक धोका आहे आणि तो सांगितलाच पाहिजे, कारण सगळं व्यवस्थित करणाऱ्याचेही मासे इथेच जातात. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. साध्या टाकीत फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. सामू सहाच्या खाली गेला की या जिवाणूंचं काम मंदावतं. तरी मासे मरत नाहीत, कारण आम्ल पाण्यात अमोनिया जवळजवळ सगळा अमोनियमच्या रूपात राहतो आणि ते रूप फारसं विषारी नसतं. पंचवीस अंश तापमानाला सामू ८ असेल तर त्यातला सुमारे पाच टक्के भाग विषारी अमोनिया असतो. सामू ६ ला एक दशांश टक्कासुद्धा नसतो. आता समजा, टाकी घाण वाटली म्हणून कोणी चांगल्या मनाने अर्धं पाणी काढून नळाचं ताजं पाणी भरलं. नळाच्या पाण्याने सामू एकदम चढला, आणि साचलेलं निरुपद्रवी अमोनियम काही मिनिटांत विष बनलं. पाणी तर आधीपेक्षा स्वच्छ दिसतंय, आणि मासे श्वासासाठी वर येऊन धापा टाकताहेत. म्हणून पाणी बदलायचं ते थोडं थोडं, आठवड्याला टाकीच्या दहाव्या हिश्शाइतकं, आणि टाकीत आहे तसंच, आधी पानं घालून मुरवून ठेवलेलं.

याचाच पुढचा अर्थ असा की मुळात अमोनिया साचेल इतकं टाकीत काही पडूच द्यायचं नाही. फिल्टर अशक्त आहे हे धरूनच चालायचं. मासे थोडे ठेवायचे, अन्न चिमटीच्याही आत द्यायचं. लिकोरिस गुरामी कोरडं खाणं सहसा तोंडात घेत नाही, हलणारं लागतं. डाफ्निया, सायक्लॉप्स, मायक्रोवर्म, नुकते उबवलेले आर्टेमिया. जिवंत खाद्याचा एक गुण असा की ते न खाल्लेलं उरलं तरी लगेच सडत नाही. आर्टेमिया मिठाच्या पाण्यात उबवतात, तेव्हा ते बारीक जाळीत गोड्या पाण्याने धुऊनच टाकीत सोडावेत. एवढ्या खटपटीने काढलेले क्षार रोजच्या जेवणातून परत आत येऊ देऊ नयेत.

उजेडाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. जंगलाच्या दाट सावलीतले मासे आहेत; पृष्ठभागावर तरंगत्या वनस्पती, खाली जावा मॉस किंवा क्रिप्टोकोरीन, आणि दिवा मंद. झाडांसाठी खत नको. पाण्याला जोराचा प्रवाह नको, हळू बुडबुडे सोडणारा स्पंज फिल्टर पुरतो. हीटरही आपल्याकडे बहुधा लागत नाही. उलट चोवीस-पंचवीस अंशांत सुखी असणाऱ्या या माशांना मुंबईच्या एप्रिल-मे महिन्यांत बत्तीस अंशांच्या खोलीत ठेवणं हीच काळजी असते. टाकी घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात, जमिनीलगत असावी आणि पृष्ठभागावर छोटा पंखा फिरवावा. सोबतीला दुसरे मासे नकोत. रंगीबेरंगी एकत्र टाकी सुंदर दिसते हे खरं, पण गप्पी किंवा बार्ब यांच्या धांदलीत लिकोरिस गुरामी खायला पुढे येत नाही, आणि उपाशी राहून संपतो. फार तर चिली रास्बोरांचा एक छोटा थवा चालेल, वीण नको असेल तर.

इतकं सगळं काढल्यावर टाकीत द्यायचं काय? आडोसा आणि पानं. इथे मात्र हात आखडता घेऊ नये. बदामाची आपोआप गळलेली, तपकिरी वाळलेली पानं, रहदारीच्या धुरापासून आणि औषधफवारणीपासून दूर असलेल्या झाडाखालची, धुऊन तळाशी दोन-तीन थर होतील इतकी पसरावीत. फणसाची, पेरूची वाळलेली पानंही चालतात. पानं रंग देतात, टॅनिन देतात, पण त्याहून मोठं काम म्हणजे ती हळूहळू कुजताना त्यांच्यावर बुळबुळीत थर धरतो आणि त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव वाढतात. पिल्लांचं पहिलं खाणं तेच. पानांमधल्या फटींत प्रत्येक माशाला आपापला कोपरा मिळतो, आणि लपता येतं म्हटल्यावरच हे मासे बाहेर दिसू लागतात.

हे पाणी साधलं आहे की नाही याची खरी परीक्षा विणीच्या वेळी होते. मोठे मासे थोड्याशा जड पाण्यातही काही महिने काढतात, आणि आपला समज होतो की सगळं ठीक आहे. अंड्यांना ही सवलत नसते. नर करवंटीच्या किंवा छोट्या मडक्याच्या आत छताला मोजकेच बुडबुडे लावतो, मादीला तिथे नेतो, आणि काही डझन अंडी छताला चिकटतात. मादी बाहेर जाते. नर उलट्या छपराखाली एकटा राखण करतो, पडलेलं अंडं तोंडात धरून परत वर लावतो. क्षारांच्या पाण्यात ही अंडी नीट रुजत नाहीत, जिवाणू वाढलेले असतील तर पांढरी पडून बुरसटतात. रित्या, आम्ल पाण्यात तीच अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात, आणि आठवड्याभरात पिल्लं स्वतः पोहू लागतात. टाकीत पिल्लं दिसली, तर पाण्याबद्दल दुसरं प्रशस्तिपत्र नको.

ज्या जमिनीतून हे मासे आले तिथेही, अतिशय मोठ्या प्रमाणावर, काहीतरी घालून सुधारण्याचा प्रयत्न झाला. बोर्निओ बेटावरच्या मध्य कालिमांतानमधल्या पीटच्या दलदलीकडे इंडोनेशियाच्या सरकारने पडीक जमीन म्हणून पाहिलं, आणि १९९६ मध्ये तिथे सुमारे दहा लाख हेक्टरांवर भात पिकवण्याची योजना सुरू केली. जंगल तोडलं, हजारो किलोमीटर कालवे खणले. कालव्यांनी भाताला पाणी द्यायचं होतं. त्यांनी पीटमधलं पाणी ओढून काढलं. क्षारहीन, आम्ल जमिनीत भात धड आला नाही. कोरडं पडलेलं पीट १९९७ च्या दुष्काळात पेटलं आणि महिनोन्‌महिने जळत राहिलं. त्या वर्षीच्या आगींचा धूर सिंगापूर-मलेशियापर्यंत पसरला. योजना गुंडाळली गेली, जमीन मात्र पूर्वीसारखी झाली नाही. मलेशियात आणि सुमात्रात हेच काम तेलताडाच्या लागवडीने सावकाश केलं आहे. लिकोरिस गुरामीच्या अनेक जाती एखाद्याच नदीच्या खोऱ्यात किंवा एखाद्याच दलदलीत राहतात. ती दलदल निचरा करून कोरडी केली की ती जात तिथून संपते. म्हणूनच जगभरच्या काही हौशी पाळणाऱ्यांनी, कुठल्या जाती कोणाकडे आहेत आणि कोणाकडे वीण झाली, याच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. टाकीतल्या वीस पिल्लांनी जंगल परत येत नाही. तरी ती वीस पिल्लं असणं, ती नसण्यापेक्षा फार चांगलं आहे.

तेव्हा हे मासे आणायचे असतील तर आधी टीडीएस मीटर आणा आणि घरच्या पाण्याचा आकडा बघा. तो तीनशे-चारशे येत असेल आणि आरओचं किंवा पावसाचं पाणी वर्षभर पुरवण्याची तयारी नसेल, तर गप्पी पाळा. त्यांना क्षारांचं पाणी मनापासून मानवतं आणि ते तुम्हाला आनंदही देतील. तयारी असेल तर एकाच जातीचे मासे घ्या. जंगलातून पकडलेले आहेत की टाकीत वाढवलेले, हे विक्रेत्याला विचारा, आणि मिळत असतील तर वाढवलेलेच घ्या. बाजारात डाइस्नेरी या नावाने विकले जाणारे बहुतेक मासे दुसऱ्याच जातींचे, पुष्कळदा बिंतान या जातीचे, असतात. म्हणून मूळ ठिकाण कळलं तर तेही लिहून ठेवा आणि दोन जाती एकत्र ठेवू नका, त्यांचा संकर झाला तर जपण्यासारखं काही उरत नाही. पिल्लं झाली तर ती अशाच पाण्याची तयारी असलेल्या दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या. आपल्याकडच्या ओढ्यात किंवा तळ्यात कधीही सोडू नका.